अडवा, पण कारण सांगा

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. पाऊस हुकला होता, ऊस कमी पडणार होता, आणि आपले कारखाने तर चालायला हवेत, असा तो हिशेब. राजू शेट्टी आणि स्वाभिमानी आडवे आले, सीमाभाग तापला आणि काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. माझा मामेभाऊ शिरोळ तालुक्यात ऊस करतो. कर्नाटकातल्या कारखान्याने टनाला चार पैसे जास्त दिले तर तो तिकडेच ऊस घालणार. त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे महाराष्ट्राचा ऊस महाराष्ट्रातच, दुसरा म्हणे देश एक आहे ना, मग बंदी कसली? मी इथे जर्मनीत, आखेनमध्ये, भारतीय किराण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब आणि कागदपत्रं बघतो. मला दोन्ही तटांना एवढंच विचारायचं होतं की सरकारने माल अडवला तर कारण कुणाला पटवून द्यायचं असतं?

युरोपीय संघाचा एकल बाजार १ जानेवारी १९९३ पासून सुरू झाला, पण त्याचा कायदा त्याआधी कित्येक वर्षं संघाच्या युरोपीय न्यायालयात घडत होता. संघाच्या आजच्या कराराच्या ३४व्या कलमाने सदस्य देशांना एकमेकांच्या आयातीवर बंधनं घालता येत नाहीत, ३५व्या कलमाने निर्यातीवर. म्हणजे आमचा ऊस बाहेर जायचा नाही, असं म्हणायलाही मनाई. आरोग्य, सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी ३६वं कलम सूट देतं, मात्र ते कारण खरं आहे आणि त्यासाठी इतकी कडक बंदी लागतेच, हे सिद्ध करायचं ते अडवणाऱ्याने.

याचा नमुना म्हणजे १९७९ चा कासिसचा निकाल. आमच्यापासून तासाभरावर कोलोन आहे. तिथल्या रेवे कंपनीला फ्रान्समधून डीजाँचं कासिस आणायचं होतं. ब्लॅककरंटपासून केलेलं हे गोड मद्य, अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मन कायदा म्हणे, फळांच्या लिकरमध्ये किमान २५ टक्के हवंच. जास्त असू नये असं नव्हे, कमी असू नये! त्याच्या समर्थनार्थ जर्मन सरकारने कोर्टात सांगितलं की सौम्य पेयांनी माणसाला दारूची सवय जास्त सहज लागते. हे लेखी म्हणणं तयार करताना त्या अधिकाऱ्यांना हसू कसं आवरलं असेल कोण जाणे. कोर्टाचं उत्तर साधं होतं. ग्राहकाची काळजी आहे ना? मग बाटलीवर टक्केवारी छापायला लावा. एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला गेलेला माल दुसऱ्याने तसंच सबळ कारण असल्याशिवाय अडवायचा नाही. १९८७ मध्ये याच तर्काने जर्मनीचा बिअरच्या शुद्धतेचा नियमही परदेशी बिअर अडवण्यापुरता निकालात निघाला. जर्मन माणसाने त्यामुळे आपली बिअर सोडल्याचं मला तरी दिसत नाही.

सगळं लेबलवर ढकललं म्हणजे काय होतं ते आमच्या गोदामात दिसतं. भारतातून आलेल्या पाकिटांवर दोघी जणी दिवसभर स्टिकर लावत असतात. जर्मनीत जर्मन, नेदरलँड्समध्ये डच, बेल्जियममध्ये निदान डच आणि फ्रेंच. खाण्याच्या वस्तूवर आपल्या भाषेतच माहिती हवी असा आग्रह धरायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. लोणच्यातली मोहरी आणि चिक्कीतले तीळ-शेंगदाणे घटकांच्या यादीत उठून दिसले पाहिजेत. हिंगात गव्हाचं पीठ असतं, तेही. स्टिकर चुकलं तर माल परत येतो. पण पापड मुळात येऊच द्यायचा नाही असं कुठला देश म्हणू शकत नाही. रॉटरडॅमला एकदा कस्टम्स झालं की पुढे लिएजला न्या नाहीतर लिस्बनला, पुन्हा कुणी ड्यूटी मागत नाही. बाहेरचं फाटक मात्र त्या मानाने फार करडं. मे २०१४ मध्ये फळमाशी आणि इतर किडींमुळे हापूससकट सगळा भारतीय आंबा, शिवाय वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना एका निर्णयाने तेव्हाच्या २८ देशांत बंदी झाली. आंब्यावरची बंदी पुढच्या हंगामाआधी उठली, अळूवाल्यांना जास्त थांबावं लागलं.

आता घरची बाजू. आपल्या घटनेचं ३०१वं कलम सांगतं की देशभर व्यापार मोकळा असेल. लगेच ३०२ संसदेला आणि ३०४ राज्यांना सार्वजनिक हितासाठी बंधनं घालू देतं. आसाममधून कलकत्त्याला जाणाऱ्या चहावरचा कर सर्वोच्च न्यायालयाने अतियाबारी खटल्यात रद्द केला होता. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांनी ती भूमिका बदलली आणि म्हटलं की कर भेदभाव करणारा नसेल तर ३०१ त्याच्या आड येत नाही. तरी कराच्या बाबतीत आपण आज युरोपच्या पुढे आहोत, हे इथल्या भारतीयांना सांगितलं की पटत नाही. मुंबईचे जकात नाके जुलै २०१७ मध्ये गेले आणि एका वस्तूला देशभर एकच जीएसटी दर आला. इकडे व्हॅटचा मुख्य दर जर्मनीत १९ टक्के, नेदरलँड्समध्ये २१, हंगेरीत २७.

आणि एकल बाजार म्हणजे सगळं एकसारखं, असंही समजू नका. आखेनहून बसने अर्ध्या तासात नेदरलँड्समधलं फाल्स येतं. तिथे कोकचा कॅन घेतला तर १५ सेंट डिपॉझिट, आखेनमध्ये २५. तिकडचा कॅन इकडच्या मशीनमध्ये टाकला की मशीन तो परत बाहेर ढकलतं. पॅकेजिंगची नोंदणी प्रत्येक देशात वेगळी, फ्रान्सला पाठवायच्या पाकिटावर कचरा वर्गीकरणाचं वेगळं चिन्ह. माझा अर्धा पगार या विसंगतींवरच निघतो.

मग आपल्यात आणि यांच्यात फरक कुठे? एका डच वाहतूक कंपनीने जर्मनीतून आणलेल्या रसायनावरची ड्यूटी ३ वरून ८ टक्के झाली म्हणून तक्रार केली, आणि १९६३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की देशादेशांतला हा करार साध्या व्यापाऱ्यालाही आपल्या देशातल्या कोर्टात स्वतःच्या सरकारविरुद्ध वापरता येईल. तेव्हापासून सवाल करणारा बहुतेक वेळा कुणीतरी दुकानदार, आयातदार किंवा नोकरी शोधणारा असतो. आपल्याकडेही शेतकरी उच्च न्यायालयात जाऊ शकतो, नाही असं नाही. पण २०२३ चा आदेश मागे गेला तो संघटनेच्या दमदाटीने. कमी पडलेल्या पावसावर ऊसबंदी हा इलाज होता का, कारखान्यांनी दर वाढवून ऊस का ओढला नाही, हे सरकारला कुणी शपथपत्रावर विचारलंच नाही. पुढच्या दुष्काळात तोच आदेश पुन्हा काढायला काही अडचण नाही.

माणसांच्या बाबतीत तर आपण दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतो. जानेवारी २०१० मध्ये अशोक चव्हाण सरकारने मुंबईच्या नव्या टॅक्सी परवान्यांसाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि मराठी लिहिता-वाचता येणं अशा अटी जाहीर केल्या आणि गदारोळ झाल्यावर लगेच सारवासारव केली. तेव्हापासून वादाची गाडी तिथेच अडली आहे. मराठी हवी म्हटलं की संकुचित, नको म्हटलं की महाराष्ट्रद्रोही.

युरोपीय न्यायालयाने या दोन अटी सुट्या केल्या. डब्लिनच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवायला निघालेल्या डच बाईंना आयरिश भाषा येत नाही म्हणून कायमची नोकरी नाकारली. शिकवणं बहुतेक इंग्रजीतच होतं, तरी १९८९ मध्ये कोर्टाने आयर्लंडची अट मान्य केली. आपली भाषा जगवायचं धोरण राज्याला आखता येतं, फक्त अट अवाजवी नको आणि परक्याला वगळण्याचं ते हत्यार नको. २००० साली इटलीतल्या बोल्झानोमधला खटला आला. बँकेला जर्मन-इटालियन दोन्ही येणारा माणूस हवा होता, त्यात काही वावगं नव्हतं, पण ते येतं याचा पुरावा म्हणून बोल्झानोच्याच सरकारी कचेरीचा दाखला हवा, हे कोर्टाने चालू दिलं नाही. भाषा कुठेही शिकता येते.

मुंबईतल्या टॅक्सीवाल्याला मराठी यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे आणि इथे राहून ते आणखी पक्कं झालंय. इथे जर्मनशिवाय मलाही कुणी हिशेबाला ठेवलं नसतं. डोमिसाईलची अट मात्र उद्या काढून टाकावी. तीन महिन्यांत मराठी शिकून परीक्षा पास झालेल्या आझमगढच्या पोराला परवाना मिळावा आणि पंधरा वर्षं राहूनही न शिकलेल्याला मिळू नये. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही. त्या कायद्याने माणसाला काय येतं हे विचारलं नव्हतं, तो कुठला आहे एवढंच विचारलं होतं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हा बाजार तितका उदार नाही, हेही सांगायला हवं. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा परवाना. मी स्टिकर तपासलेला पापड फाल्सच्या दुकानात बिनदिक्कत विकला जातो, पण त्याच दुकानात नोकरी धरायची तर मला डच परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. माणसांच्या मोकळ्या ये-जाचा हक्क युरोपीय नागरिकांचा आहे आणि आमच्यासारख्यांना बाहेर ठेवण्याचं कारण त्यांना कुठल्या न्यायाधीशाला पटवावं लागत नाही. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू तिकडं बिहारीच की रे!"