दिवसभर वेगवेगळ्या, रात्री एका टेबलावर

परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतोय. सहा मैत्रिणी, सात रात्री, एकच बोट. भांडलात की नाही? भांडलो. तिसऱ्याच दिवशी, सेंट मार्टिनला, टॅक्सीत. त्या भांडणानंतरच आमची सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मैत्रिणींबरोबर कॅरिबियन क्रूझला जायचं असेल तर माझं ठाम मत आहे: दिवसा एकमेकींना मोकळं सोडा आणि रात्रीचं जेवण न चुकता एका टेबलावर घ्या. जहाज केवढं, त्यावर घसरगुंड्या किती, हे सगळं नंतर.

फेब्रुवारीत गेलो. जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तिकडे चक्रीवादळांचा मोसम असतो. पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघायचं, मग सेंट थॉमस, सेंट मार्टिन, अँटिग्वा, सेंट लुसिया, बार्बाडोस, एक आख्खा दिवस समुद्रात आणि परत सान हुआन. मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ जास्त प्रसिद्ध. २०२४ मध्ये तिथूनच पहिल्या सफरीला निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' वीस डेकचं आहे, त्यात सात हजारांहून जास्त प्रवासी मावतात. आमच्यातल्या दोघींचा जीव त्यावर जडला होता. पण मायामीहून एवढ्या दक्षिणेकडे जायचं तर समुद्रातच बरेच दिवस जातात. सान हुआनहून रोज सकाळी नवीन बेट. मी हट्ट धरला, आणि तो धरल्याचं मला आजही बरं वाटतं.

आता त्या टॅक्सीबद्दल. सेंट मार्टिन हे छोटंसं बेट १६४८ पासून फ्रेंच आणि डच अशा दोघांत वाटलेलं आहे. मधल्या सीमेवर कोणी अडवत नाही, पासपोर्ट विचारत नाही. तिघींना फ्रेंच बाजूचं मारिगो गाव बघायचं होतं, तिघींना माहो बीच, जिथे विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. एकत्रच राहायचं या हट्टापायी सहाही जणी एकाच गाडीत बसलो. सिम्पसन बेचा पूल शिडाच्या बोटी आत-बाहेर सोडण्यासाठी उघडतो आणि तेवढा वेळ सगळी वाहतूक थांबते. तिथेच अडकलो. माहोला पोचलो तेव्हा एकच मोठं विमान बघायला मिळालं, आणि मारिगो राहूनच गेलं. परतीची वेळ पाळावीच लागते. तुम्ही तुमचे फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. गाडीत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. तीस वर्षांच्या मैत्रीत साठलेलं बरंच काही त्या अर्ध्या तासात बाहेर आलं.

रात्री जेवायला मात्र सगळ्या आल्या, कारण टेबल ठरलेलं होतं. सहाची वेळ, खिडकीजवळचं सहा जणींचं टेबल, रोज तेच. हल्ली क्रूझवर हवं तेव्हा, हवं तिथे जेवायची सोय असते आणि बहुतेक लोक तीच निवडतात. तसं केलं असतं तर त्या रात्री आम्ही सहा जणी सहा कोपऱ्यांत जेवलो असतो. टेबलावर समोरासमोर बसल्यावर किती वेळ गप्प राहणार? सूप संपायच्या आत एकीने तोंड उघडलं आणि नियम ठरला. उद्यापासून जिला जिथे जायचंय तिथे तिने जावं. सहा वाजता इथे यावं आणि काय पाहिलं ते सांगावं.

एक व्यवहाराची गोष्ट. तीन केबिनची तीन बुकिंग असतील तर ती एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर टेबलं वेगवेगळी मिळतात. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा, कारण बेटं करून तुम्ही परत अमेरिकेच्या हद्दीत येता. बेटांचे नियमही एकेक करून तपासा.

आमच्या टेबलाचा वेटर इंडोनेशियाचा होता. घरी दोन मुलं, करार आठ महिन्यांचा. आमच्यातल्या कोण शाकाहारी हे त्याला दुसऱ्याच दिवशी पाठ होतं, आणि तो आदल्या रात्रीच उद्याच्या भाजीचं विचारून ठेवायचा. जहाजावरच्या कामगारांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे एखादा दिवस चौदा तासांचाही नियमात बसतो, आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती धरली तरी सरासरी दिवस तेरा तासांचा होतो. म्हणून लोक जेव्हा काउंटरवर जाऊन बिलात रोज आपोआप धरलेली टिप काढून घेतात आणि वर ती युक्ती म्हणून इतरांना सांगतात, तेव्हा मला फार राग येतो. तिकिटाचे पैसे जमवताना टिपचे पैसे त्यातच धरा. ते जमत नसेल तर क्रूझ एक वर्ष पुढे ढकला.

अँटिग्वात दोघी नेल्सन्स डॉकयार्ड ही जुनी ब्रिटिश गोदी बघायला गेल्या, बाकीच्या समुद्रात डुंबल्या. सेंट लुसियात चौघी बोटीने पिटॉनचे दोन सुळके बघायला गेल्या, एक केबिनमध्ये झोपली (तोही तिचा हक्क), आणि मी एकटीच कास्ट्रीज गावात उतरले. चौकाला डेरेक वॉलकॉट यांचं नाव आहे. समोर कॅथेड्रल, मध्ये शेकडो वर्षांचा प्रचंड पर्जन्यवृक्ष. दोन लाखांहून कमी वस्तीच्या या बेटाने दोन नोबेलविजेते दिले: १९७९ मध्ये अर्थशास्त्रासाठी आर्थर लुईस आणि १९९२ मध्ये साहित्यासाठी वॉलकॉट. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी. त्या झाडाखाली मी तासभर बसले. बाजूच्या बाकावरच्या दोन आज्या क्वेयोल या तिथल्या बोलीत बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, पण सूनबाईंबद्दल चाललंय एवढा अंदाज येत होता. रात्री हे सांगितलं तेव्हा पिटॉनवाल्या चौघींनी फोटो बाजूला ठेवून ऐकलं. सहा जणी बरोबर असतो तर तो तास मला मिळाला नसता, आणि सांगायलाही काही नसतं. सगळ्यांनी तेच पाहिलं असतं.

मग बार्बाडोस. आमची एक मैत्रीण सकाळीच एकटी निघाली. ब्रिजटाऊनच्या बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल चालत जाता येतं. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक सात धावांनी जिंकला तो याच मैदानावर, त्यामुळे ती त्यासाठीच गेली असेल असं आम्हाला वाटलं.

संध्याकाळी टेबलावर ती भारताच्या १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याबद्दल बोलायला लागली. वाडेकरांचा संघ, गावस्करांची पहिलीच मालिका, चार कसोटींत ७७४ धावा. तिचे वडील तेव्हा रोज वर्तमानपत्रातला धावफलक वहीत उतरवून घ्यायचे. वेस्ट इंडिजला जायचं असं ते आयुष्यभर म्हणत राहिले. ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. वेस्ट इंडिजचे तेव्हाचे कर्णधार सोबर्स यांच्या पुतळ्यापाशी ती बराच वेळ उभी होती म्हणाली. मग तिने पर्समधून ती वही काढली. पाच रात्री केबिनमध्ये तिच्या शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीलासुद्धा ती वही बरोबर आहे हे माहीत नव्हतं.

वेटर डेझर्ट घेऊन आला आणि तसाच थांबला. ब्रिजटाऊनचं पान उघडून तिने वाचायला सुरुवात केली. वेस्ट इंडिज, पहिला डाव, सोबर्स नाबाद १७८. भारत, सरदेसाई १५०, सोलकर ६५. गावस्कर १, आणि दुसऱ्या डावात नाबाद ११७. त्या आकड्याखाली निळ्या शाईच्या दोन रेघा होत्या.