70 टक्के ग्रीड बंद पडलं आणि कुणाला कळलंच नाही?

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: मे 2025 मध्ये पाकिस्तानने सायबर हल्ला करून भारताचं 70 टक्के ग्रीड, म्हणजे देशभर वीज पोचवणारं तारांचं जाळं, बंद पाडलं, सरकारने ते दाबलं, आता एका क्लिकवर एकलहऱ्याचं वीज केंद्र बंद होणार आणि नाशिक महिनाभर अंधारात. पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती विभागाने, 70 टक्क्यांचा दावा तेव्हाच खोटा ठरवला होता. "सरकार दुसरं काय सांगणार?" म्हणणाऱ्यांसाठी सरकारला बाजूला ठेवू.

31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज गेली. 60 कोटींहून जास्त वस्तीचा भाग, दिल्ली मेट्रो ठप्प, रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या. जगभर बातमी झाली. देशाच्या निम्म्याच भागाची ही गत, तर 70 टक्के कुठल्या गोधडीखाली लपवणार? आणि तो हल्लाही नव्हता. लाइनवर भार जास्त झाला होता.

एकलहऱ्याचं म्हणाल, तर तिथे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. संच दुरुस्तीला बंद असतात तेव्हाही आपल्याकडे दिवे लागतात, कारण वीज ग्रीडमधून येते.

राहिला तो महिना. युक्रेनमध्ये डिसेंबर 2015 ला खरोखर सायबर हल्ला झाला. हॅकर कित्येक महिने आत घुसून बसले होते, मग सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनांत जाऊन हाताने ब्रेकर चढवले. काही तासांत वीज आली.

म्हणजे धोका नाही असं नाही. पण महिना लागतो तो लोखंड-तांब्याला. कॅलिफोर्नियात मेटकाफ सबस्टेशनवर एप्रिल 2013 मध्ये बंदुकीने 17 ट्रान्सफॉर्मर फोडले. वीज दुसरीकडून वळवली म्हणून अंधार झाला नाही, पण दुरुस्तीला जवळपास महिना गेला. मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही हो, ऑर्डर देऊन बनवून घ्यावा लागतो.

आपल्या शिवारात हेच छोट्या प्रमाणात चालतं. रात्री डीपी, म्हणजे शेताजवळचा छोटा ट्रान्सफॉर्मर, खाली पाडायची, ऑइल ओतून द्यायचं, तांब्याची तार काढून न्यायची. सकाळी मोटर बंद, द्राक्षबागेला पाणी नाही, आणि नवी डीपी येईपर्यंत शेतकऱ्याच्या चकरा. याला हॅकर लागत नाही, पाना पुरतो. रात्री डीपीपाशी कुणी खुडबुड करताना दिसलं तर 112 ला फोन करा. डीपी फोडलेली आढळली तर महावितरणच्या 1912 वर कळवा.