तुलना करायची तरी कशाची?

नगरपालिकेची निवडणूक आली की घरं आणि शहराची वाढ यांवर कोण काय म्हणतंय ते शेजारी शेजारी मांडून बघायला बसावं, तर दरवेळी तेच! एकाचा 'नियोजनबद्ध विकास', दुसऱ्याचा 'समतोल विकास', तिसऱ्याचा 'सर्वसमावेशक विकास'. निवडा आता.

परवडणारी घरं तर सगळ्यांनाच हवीत. किती कमाई असलेल्याला परवडणारी, ते विचारायचं नाही. अहो, मजले किती चढवू देणार? चटईक्षेत्र (म्हणजे एका भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येतं ते) वाढवलं तर पाण्याचं काय, सांडपाण्याच्या वाहिन्यांचं काय? तो खर्च बिल्डरकडून विकासशुल्क म्हणून घेणार की आमच्या घरपट्टीत घालणार? प्रत्येक फ्लॅटमागे पार्किंगची सक्ती ठेवणार का? (त्या सक्तीनेही घर महाग होतं, पण गाडीवाल्या मतदाराला दुखवणार कोण!) सगळीकडे चिडीचूप.

बरं, विषय काही नवा नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ साली आपल्या बऱ्याच मोठ्या निवासी भागात दाट बांधकामाला मुभा दिली आणि पुढच्या वर्षांत नव्या घरांचे परवाने भराभर वाढले. नाही पटत? मग तसं म्हणा, का नाही पटत ते सांगा, पण काहीतरी ठाम बोला की! नाहीतर आहेच, जुन्या रहिवाशांसमोर 'बेसुमार वाढ रोखू' आणि बांधकाम व्यावसायिकांसमोर 'वाढीला चालना देऊ'. तोंड एकच.

आता दारात कोणी पत्रक घेऊन आलं की आधी सांडपाण्याचंच विचारणार आहे.