एक बोट, चार बटणं

पुणे महापालिकेची मागची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली, आताची 15 जानेवारी 2026 ला. मार्च 2022 पासून प्रशासकाचा कारभार असल्यामुळे आमच्या तक्रारी साठल्या आणि इच्छुकही साठले. आता दोन्ही एकदमच बाहेर पडले आहेत. तारीख ठरवताना पंचांग काही पाहिलेलं दिसत नाही. 14 ला संक्रांत, म्हणजे 15 ला किंक्रांत. करीच्या दिवशी शुभकार्य करू नये, असं घरातल्या ज्येष्ठांचं म्हणणं. नगरसेवक निवडणं शुभकार्यात मोडत नाही, हा तोडगा मी काढून ठेवला आहे.

जाहीर प्रचाराची मुदत 13 जानेवारीला संध्याकाळी साडेपाचपर्यंत. तोवर बेलला विश्रांती नाही. दार उघडलं की उपरण्यातली पाच-सहा माणसं. उमेदवार हात जोडतो, दुसरा त्याचा हात जोडतानाचा फोटो काढतो, तिसरा पत्रक कोंबतो आणि चौथा वहीत बघून विचारतो, "घरात मतं किती?" माणसं किती, हे कोणी विचारत नाही. अशा वेळी "सगळं छान होऊ दे" असं मोघम बोलू नये. चेंबरचं कोणतं झाकण किती दिवसांपासून फुटलंय, ते जवळच्या खांबाच्या नंबरासकट सांगावं. मंडळी झपाट्याने जिना उतरतात.

सोसायटीच्या ग्रुपवर राजकारण बंद, असा सेक्रेटरींचा नियम. तो मोडतात तेही तेच. त्यातून यंदा गणित विचित्र. राज्यात एकत्र सत्तेत बसलेले भाजप आणि राष्ट्रवादी पुण्यात समोरासमोर, आणि फुटलेल्या दोन्ही राष्ट्रवादी इथे गळ्यात गळा. विधानसभेच्या वेळी ज्यांनी एकमेकांशी अबोला धरला, त्यांची आता पंचाईत झाली आहे.

खरा छळ मात्र यादीचा. मतदार कार्ड कपाटात आहे म्हणजे मत आहे, असं समजणारे बहुतेक सुशिक्षित असतात. कार्डाने फक्त ओळख पटते. मत यादीत असतं. आणि पालिकेची यादी म्हणजे 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी, प्रभागांत वाटलेली. त्यानंतर नाव नोंदवलेल्यांनी यावेळी रांगेत उभ्या असलेल्यांना शुभेच्छा द्याव्यात. प्रभागाच्या हद्दीवर राहणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण रस्त्याच्या अलीकडची इमारत कागदावर पलीकडे गेलेली असू शकते.

नाव शोधताना आधी कार्डाचा नंबर टाकावा: तीन अक्षरं, सात आकडे. जुन्या कार्डावर तिरक्या रेघांचा लांबलचक नंबर असतो, त्यावर सापडलं नाही तर नावाने शोधावं. तिथेही नाही? मग आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग करून ते एखाद्या परक्या माणसासारखं मराठीत वाचावं. दाते मंडळींनी 'डेट' हेही पाहून घ्यावं. सापडलं की यादी भाग, अनुक्रमांक, केंद्र आणि खोली, चारही लिहून घ्यावं. नवरा-बायकोचं केंद्र एकच असेल, याची खात्री नाही. नावापुढे दोन तारे दिसले तर हुरळून जाऊ नये. तुमचं नाव दुबार, म्हणजे यादीत दोनदा असल्याचा संशय आहे. कोणत्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून दिलेलं नसेल, तर केंद्रावर हमीपत्र द्यावं लागतं.

आणि मग ती चार मतं. 41 प्रभागांपैकी 40 मध्ये चार-चार नगरसेवक, 38 नंबरच्या प्रभागात पाच, एकूण 165. प्रभागातली प्रत्येक जागा म्हणजे एक गट. अ गटाची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. सगळेच रंग फिकट असल्याने चष्मा घरी विसरू नये. प्रत्येक रंगात एकच बटण. एकाच गटात दोघांना खूश करायला गेलात तर दुसरं दाबलेलं मोजलं जात नाही. पॅनेलवाल्यांनी सांगितलेलं चिन्ह पांढऱ्यात दुसऱ्या ओळीत असेल तर गुलाबीत चौथ्या, कारण नावं आधी पक्षाच्या प्रकाराने आणि मग आडनावाने लावतात. म्हणून चिन्हाबरोबर नावही पाठ करून जावं. आत मोबाइल उघडून बघता येत नाही. आणि काचेमागे चिठ्ठी दिसायची वाट बघू नये. व्हीव्हीपॅट लोकसभा-विधानसभेला असतं, इथे नाही.

चूक होते ती पहिल्या बटणानंतर. ओळखीच्या उमेदवारापुढचा लाल दिवा लागला की माणूस कृतकृत्य होऊन वळतो. पण बझर चौथ्या (38 मध्ये पाचव्या) बटणानंतर वाजतो. एखाद्या गटात कोणीच नको असेल तरी त्या गटाचं 'नोटा' दाबावंच लागतं, नाहीतर मतदान अर्धवट आणि मागची रांग तुमच्या नावाने शंख करत उभी. केंद्राध्यक्ष मग खुर्चीतून हाक मारतात, "आजोबा, अजून तीन राहिली."

"बाकीच्यांना मी ओळखत नाही."

"मग नोटा दाबा."

"त्यांना तरी कुठे ओळखतो?"