आपल्याकडे असला शो? नको रे बाबा

झोप येत नाही म्हणून यूट्यूब उघडते आणि अँटिक्स रोडशोचे तुकडे बघत बसते, मग कधी एक वाजतो कळतच नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मूळ कार्यक्रम बीबीसीचा, १९७९ पासून चालू आहे, अमेरिकेत पीबीएसवर त्यांचा वेगळा निघाला १९९७ ला. टीम गावोगाव फिरते, लोक घरातल्या जुन्या वस्तू उचलून आणतात, तासन्‌तास लाईनीत उभे राहतात, मग एक जाणकार माणूस वस्तू उलटीसुलटी करून बघतो, तुमच्याकडे कशी आली विचारतो आणि सगळ्यात शेवटी आकडा सांगतो. बास. एवढ्यावर चाललंय इतकी वर्षं.

सगळ्यात गाजलेली क्लिप २००१ ची, अ‍ॅरिझोनातल्या टक्सनची. एक वयस्कर गृहस्थ एक जुनं ब्लँकेट घेऊन आले, घरी खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं असायचं. ते निघालं नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या विणकरांचं, एकोणिसाव्या शतकातलं, किंमत साडेतीन ते पाच लाख डॉलर! माणसाच्या डोळ्यात पाणी. खाली कमेंटमध्येही सगळे रडतायत. माझ्या डोक्यात मात्र दर वेळी एकच येतं, की झालं, आता ते ब्लँकेट काही परत खुर्चीवर पडत नाही.

माझी आवडती गोष्ट मात्र वेगळीच आहे. एका माणसाने तीनशे डॉलरला एक मातीचा जग घेतलेला, सगळीकडून वाकडेतिकडे सहा चेहरे, बघून लहान पोर दचकेल असा. जाणकार म्हणाले शंभरेक वर्षं जुना दिसतोय, तीस ते पन्नास हजार डॉलर. एपिसोड २०१६ मध्ये लागला आणि मग उघडकीला आलं की हा तर ओरेगनमधल्या एका बाईने शाळेत असताना मातीकामाच्या तासाला केलेला, १९७० च्या दशकात 😂 किंमत आली तीन ते पाच हजारावर. पण त्या जाणकारांनी चूक कबूल केली, शोनेही लपवली नाही, हे मला फार आवडलं. आणि तीनशेच्या मानाने तीन हजार वाईट का आहेत?

सगळंच असं गोड नाहीये हां. अमेरिकेतल्या शोच्या सुरुवातीच्या काळात एकजण तिथल्या यादवी युद्धातली तलवार घेऊन आला, लहानपणी हिने कलिंगडं कापायचो म्हणाला, लोक फिदा. नंतर कळलं सगळा प्रसंगच बनवलेला होता, आणि शोमुळे झालेल्या नावावर त्यातल्या तज्ज्ञांनी खऱ्या घराण्यांना फसवून वस्तू स्वस्तात उचलल्या होत्या. एकाला तुरुंगवास झाला.

तर मुद्दा. मी असलं काही शेअर केलं की कोणीतरी लिहितंच, "आपल्याकडे असा शो हवा यार". अरे नको! डोळ्यासमोर आणा, आपल्यातली कोणी आजीची समई घेऊन गेली, टीव्हीवर आकडा आला साडेचार लाख. संध्याकाळी नाशिकच्या काकांचा फोन, "काय गं, ती समई आमच्या आईची ना? मग तुझ्याकडे कशी?" वीस वर्षं ती माळ्यावर पोत्यात पडली होती तेव्हा कोणाला आठवली नाही, आता वाटणीत राहून गेली म्हणून वकील गाठतील. आपल्याकडे भाऊबंदकीला बांध पुरतो, समई कशाला द्यायची हातात?

शिवाय पुरावस्तूंचा, म्हणजे जुन्या मौल्यवान वस्तूंचा कायदा आहेच, १९७२ चा. शंभर वर्षं झाली की वस्तू पुरावस्तूत जमा होऊ शकते (हस्तलिखितांना पंचाहत्तर पुरतात), मग विकायच्या धंद्याला परवाना, काही प्रकारांना नोंदणी, आणि देशाबाहेर पाठवणं तर विसराच. कायद्याला माझी तक्रार नाही, मूर्ती अशाच गेल्यात बाहेर. पण आकडा ऐकून माणूस खूश होण्याऐवजी सीएला फोन लावेल.

आणि खरं सांगू का, आपला रोडशो होऊन गेलाय. मोडवाला यायचा ना दारात? तोच तज्ज्ञ. आजोळचं तांब्याचं घंगाळ, दोन माणसांनी उचलायचं असलं, काट्यावर ठेवलं, कडी वेगळी काढली कारण ती लोखंडाची, किलोच्या भावाने हिशोब झाला आणि त्या पैशात स्टीलचे डबे आले. कोणी विचारलं नाही हे कुठून आलं म्हणून. मोडीत काढणं म्हणतात ते हेच. तेव्हा मीही खूशच होते, डबे चकचकीत होते.

पुण्यात एक माणूस मात्र उलट करत होता. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे, राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, त्यांनी उभारलेल्या संग्रहालयाला नाव त्याचं. लोकांच्या घरातल्या साध्या वापरातल्या वस्तू जमवल्या, दिवे, भांडी, नुसते अडकित्ते बघत बसलात तरी तास जातो. वस्तूखाली किंमत लिहिलेली नाही, भांडायला वावच नाही.

अडकित्त्यावरून आठवलं. परवा ड्रॉवर आवरताना एक पितळी सापडला, मुठीवर मोर, मोराचा एक डोळा अंगठ्याने झिजून सपाट झालेला. वाटलं, चला, आपणच विचारू, हा कोणाचा, कुठून आला. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत मावशीचा मेसेज, "हा आईचा. तुझ्याकडे कसा?"

ब्लू टिक गेलीये. अजून काही उत्तर दिलेलं नाही 🙈