बापाबद्दल बाकीच्यांना जे ठाऊक होतं

बाप वारल्याचा फोन येतो आणि तोक्योत नोकरी करणारा मुलगा खूप वर्षांनी गावी जातो. तिथल्या रिवाजाप्रमाणे रात्रभर शवाजवळ बसायचं असतं. नातेवाईक जमतात, थोडी पितात, जुन्या गोष्टी निघतात. जपानी चित्रकार-लेखक जिरो तानिगुचींच्या 'अ जर्नल ऑफ माय फादर' या चित्रकादंबरीत वरवर पाहता एवढंच घडतं. म्हापशाच्या एका मित्राने "लयच उदास आहे, मला झेपत नाही" म्हणत अर्ध्यावर ठेवलेली प्रत माझ्या हातात कोंबली. मी दोन रात्रींत संपवली आणि तेव्हापासून भेटेल त्याला त्याबद्दल सांगत सुटलोय. आता तुमची पाळी.

उदास आहे हे खरंच. पण त्या उदासीचं कारण मरण आहे असं मला वाटत नाही. योइची हा मुलगा बापाच्या मरणाने फारसा हललेलाच नसतो, सुरुवातीला तर नाहीच. आई घर सोडून गेली ती बापामुळे, हा निकाल त्याने लहानपणीच लावून टाकलाय. पुढे शिकायला तोक्योला गेला आणि तिथलाच झाला. आता त्या एका रात्रीत त्याला कळत जातं की खोलीत बसलेल्या प्रत्येकाला त्याचा बाप त्याच्यापेक्षा जास्त माहीत होता. कुणी काही लपवून ठेवलं नव्हतं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. माझ्या मते पुस्तकाचा सगळा सल इथे आहे.

गोष्ट घडते जपानमधल्या तोत्तोरी या शहरात. बाप तिथला न्हावी. १७ एप्रिल १९५२ रोजी तोत्तोरीत खरोखरच मोठी आग लागली होती, वाऱ्याने ती पसरत गेली आणि पाच हजारांहून जास्त घरं जळाली. तानिगुची त्याच गावचे, जन्म १९४७चा, म्हणजे आग लागली तेव्हा ते कादंबरीतल्या मुलासारखेच लहान होते. कादंबरीत त्या आगीत दुकान जातं. ते पुन्हा उभं करायला बापाला सासरवाडीचे पैसे घ्यावे लागतात, आणि तिथून पुढे तो माणूस माणूस राहत नाही, कात्री चालवणारा हात तेवढा उरतो. सासरच्यांची पै न पै फेडायची. सण नाही, सुट्टी नाही, बायकोशी दोन शब्द नाहीत. मुलाला यातलं काय दिसतं? पाठमोरा बाप. कर्ज हा शब्द त्या वयात कुणाला कळतो?

सुरुवातीची एक आठवण मात्र मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. आगीच्या आधीचं दुकान, वसंतातली दुपार. पोर दुकानाच्या जमिनीवर बसून खेळतंय, फळ्या उन्हाने कोमट झाल्यात, आणि वर कुठेतरी बाप गिऱ्हाइकाचे केस कापतोय. बस, एवढंच. त्या वयाच्या मुलाला मोठ्यांची दुनिया जितक्या उंचीवरून दिसते तितक्याच उंचीवरून चित्र काढलंय. कथेत हे वर्णन करायला लेखकाला पानभर खर्चावं लागलं असतं आणि तरी त्यात गोडवा ओतल्याशिवाय त्याला राहवलं नसतं. तानिगुची फक्त ऊन काढतात आणि बाजूला होतात. चित्रांचं पुस्तक म्हणजे पोरांचा खाऊ, असं आपल्याकडे अजून मानणाऱ्यांना मी हीच पानं दाखवतो. वाद घालत नाही.

गोव्यात बसून हे वाचताना मला सारखी आमच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली आणि सत्तरीची आठवण येत होती. आमच्याकडे आग लागली नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, आणि पाळी, वेळगे, होंडा या भागात घराघरासमोर खनिज वाहणारे ट्रक बिनकामाचे उभे राहिले. बँकेचे, नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांचे पैसे घेऊन काढलेले. नंतर काही काळ खाणी चालल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद. त्या ट्रकांच्या टपावर आंब्याचा पालापाचोळा कुजलेला आणि टायर मातीत रुतलेले मी पाहिलेत, तुमच्यापैकी अनेकांनीही पाहिले असतील. खाणी बंद होणं बरोबर की चूक, यावर गोव्यात रग्गड भांडून झालंय, इथे ते नको. मला त्या घरातल्या पोरांबद्दल बोलायचंय. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली पोरं आता विशी ओलांडून गेलीत, कुणी पुण्यात, कुणी बोटीवर. त्यांना काय आठवत असेल? बाप अचानक दिवसभर घरी, बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढवणारा. आईच्या गळ्यातलं काहीतरी एक दिवस दिसेनासं झालेलं. त्यावरून त्यांनी आपापले निकाल लावले असणार, योइचीने लावला तसे. हप्ता, व्याज, सासऱ्याकडे पसरलेला हात, या गोष्टी पोरांसमोर बोलायची आपल्याकडे रीत नाही. आणि मग बाराव्याला सोप्यावर चहा पिता पिता एखादा म्हातारा मामा म्हणतो, "तुका खबर ना, तुज्या बापायन तेन्ना..." आणि पोरगा कप हातात धरून ऐकत राहतो.

पुस्तकावर माझा राग नाही असं नाही. आईला तानिगुचींनी फारच कमी जागा दिलीय. बापाची बाजू सांगायला अख्खी रात्र आणि अख्खं गोत हजर, ती मात्र बहुतेक दुसऱ्यांच्या आठवणींतूनच येते. तिने संसार मोडला तो का, हे तिच्या तोंडून मन लावून ऐकायला मला आवडलं असतं. आगीत तिचंही काहीतरी जळालं असेलच की! शेवटाकडे रडणंही जरा जास्त होतं. जो माणूस ऊन काढून गप्प बसू शकतो, त्याने तिथेही गप्प बसायला हरकत नव्हती.

तानिगुची २०१७ साली गेले. फ्रान्सने त्यांना २०११मध्ये मोठा सन्मान दिला होता, आपल्याकडे मराठीत त्यांचं नाव क्वचितच कानावर पडतं. चित्रांचं वेड गोव्याला कमी आहे असं मुळीच नाही. लोटलीच्या मारियो मिरांडांनी तरुणपणी रोजनिशीच चित्रांत लिहिली, त्यात गावचा पाद्री, बाजार, लग्नं, सगळा गलका आला. त्यांच्या पानावर रिकामा कोपरा सापडणं मुश्कील, आणि ती मजाच वेगळी. पण न्हाव्याच्या रिकाम्या खुर्चीवर आख्खं पान देणारं कुणी आपल्यात अजून यायचंय. कला अकादमीच्या आवारात स्केचबुक घेऊन बसणारी पोरं दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीने पाळीतल्या एका ट्रकवर दोनशे पानं काढावीत, मी पहिली प्रत पैसे देऊन घेईन. आणि त्यात आईलाही बोलू दे म्हणावं.

तानिगुचींची प्रत सध्या माशेलच्या एका मास्तरांकडे आहे. त्यांचं वाचून झालं की फोंड्यात माझ्याकडे येईल. हवी असेल त्याने खाली लिहा, पण चहाचे डाग पाडून परत देणाऱ्यांनी कृपया लिहू नये. कोण ते तुम्हाला माहीत आहे.