जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका

फ्रान्सच्या खेड्यातल्या स्वस्त घरांचे व्हिडिओ बघून गेल्या वर्षभरात मला कितीतरी जणांनी विचारलंय, ‘आम्हीही घ्यावं का एखादं?’ जरूर घ्या. पण हात लावण्याआधी त्या घरात एक हिवाळा काढा, आणि दगडी भिंतीला सिमेंट लावायचं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हे मी कळकळीने लिहितेय, कारण आम्ही दोन्ही केलं नाही आणि त्याची किंमत मोजली.

आम्ही अकरा वर्षं पॅरिसजवळ राहून चार वर्षांपूर्वी क्रूझ जिल्ह्यात आलो. लिमोजच्या ईशान्येला, फ्रान्सच्या जवळजवळ मधोमध. घर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. ग्रॅनाइटच्या साठ-सत्तर सेंटिमीटर जाड भिंती, चेस्टनटच्या तुळया, बाजूला गुरांचं नि गवताचं कोठार. आधीच्या मालकांनी केव्हातरी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतलेला. दिसायला चकाचक. आत मात्र गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल. आम्ही ज्या ठेकेदाराला बोलावलं त्याने आतूनही ओलरोधक थर मारायला सांगितलं. मारला. पहिल्याच फेब्रुवारीत रंगाचे तळहाताएवढे पोपडे सुटले, खाली क्षारांचा पांढरा लोणा, आणि ओल कमरेपर्यंत चढलेली.

शेजारी एक निवृत्त गवंडी राहतात, ऐंशीच्या पुढचे. ते आले, भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मला तुळईच्या टोकाशी नेलं, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. ते एवढंच म्हणाले, “मादाम, आधी बाहेरचं सिमेंट काढा. मग वर्षभर काही करू नका.”

ही भिंत म्हणजे आत-बाहेर दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती नि खडीचा भराव. खाली जोत्यातून ओल वर चढणारच, ती थांबत नाही. पण दगडांमधल्या फटींत, म्हणजे दरजांमध्ये, माती किंवा चुना असेल तर ती तिथून बाहेर पडून सुकते. सिमेंटने दरजा बंद केल्या की पाणी वाट शोधत वर जातं, आत येतं आणि लाकडाच्या टोकाशी साचतं.

छिन्नी-हातोड्याने ते सिमेंट काढायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. पहिला तुकडा सुटला तेव्हा मागची माती काळी आणि चिकट होती, बंद तळघरासारखा वास येत होता. ऑगस्टअखेर तीच माती गुळाच्या रंगाची झाली, बोटाने चोळली की भुगा व्हायचा. त्या दिवशी मी भिंतीला गाल लावून उभी राहिले होते.

मग चुना. इथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा, पोत्यात मिळतो, २, ३.५ आणि ५ अशा ताकदीचा. ५ घेऊ नका, मातीच्या भरावाच्या भिंतीला तो फार कडक पडतो. वाळू जवळची घ्या, ग्रॅनाइट झिजून झालेली पिवळसर भरड. रंगही त्याच मुलखाचा येतो. थंडी पडायला लागली की काम बंद. पाच अंशांच्या खाली चुना धरत नाही.

मला या सिमेंटचा जास्त त्रास होतो कारण हा जिल्हाच गवंड्यांचा. एकोणिसाव्या शतकात इथले पुरुष दर वसंतात पॅरिस बांधायला जात. इथलाच एक गवंडी, मार्तां नादो, १८३० साली चौदा वर्षांचा असताना बापाबरोबर पायी निघाला आणि पुढे १८४९ साली लोकप्रतिनिधी म्हणून संसदेत बसला. ज्यांच्या हातांनी पॅरिस उभं राहिलं, त्यांच्याच घरांच्या भिंती आज सिमेंटखाली कुजताहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. प्राथमिक करारावर सही केल्यावर दहा दिवसांत मागे फिरता येतं. घर सार्वजनिक गटाराला जोडलेलं नसेल आणि सेप्टिक टाकी नियमांत बसत नसेल, तर खरेदीनंतर वर्षभरात ती दुरुस्त करावी लागते. तो खर्च आधीच धरा. खिडकीचं रूप बदलायचं तरी नगरपालिकेत, म्हणजे मेरीत, अर्ज करावा लागतो. आणि कारागिराच्या कोटेशनवर सही करण्याआधी त्याच्या दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद मागा. त्यात कुणी रागावत नाही. सल्ला हवा असेल तर १९६५ पासून चाललेली ‘मेझाँ पेझान द फ्रान्स’ ही संस्था आहे, खास जुन्या ग्रामीण घरांसाठी.

आपल्याकडचे लोक म्हणतात, चुन्याचं काम जमणारी माणसं कुठून आणायची? आपल्याच काही किल्ल्यांवर चुना मळायचे घाणे अजून दिसतात. बैल फिरवून मळलेल्या तसल्या चुन्यावर सिंधुदुर्गासारख्या किल्ल्यांच्या तटबंद्या समुद्र अंगावर घेत उभ्या आहेत. आणि वाईत आमच्याच आळीतल्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींवर आज सिमेंट फासलं जातंय, ‘पक्कं काम’ म्हणून.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. मागच्या पडवीची भिंत ओली झालीय, गवंड्याने सिमेंटच्या गिलाव्याचा भाव सांगितलाय, सोमवारी काम सुरू करतो म्हणतोय. मी म्हटलं, बाबा, त्याला थांबवा. मी डिसेंबरात येतेय, थापी माझी मी घेऊन येते.